हॉट रॉडसाठी कमी खर्चातला फ्लोअर शिफ्टर: केबलचा की रॉडचा?

प्रश्न: माझ्या हॉट रॉडला (जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेली वेगवान गाडी) टीएच३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. स्टीअरिंग कॉलमवरचा शिफ्टर (गिअर बदलायचा लिव्हर) काढून फ्लोअर शिफ्टर, म्हणजे गाडीच्या तळावर बसणारा लिव्हर, बसवायचा आहे, पण बजेट मर्यादित आहे. तो गिअरबॉक्सला केबलने जोडणारा घ्यावा की लोखंडी दांड्याने (रॉडने)? पुढे चार गतींचा ७००आर४ बसवला, तर तोच शिफ्टर चालेल का?

उत्तर १: टीएच३५० मध्ये लिव्हरला सहा जागा लागतात, ७००आर४ मध्ये सात. त्यामुळे लिव्हरच्या जागा ठरवणारी खाचांची पट्टी बदलता येईल असाच शिफ्टर घ्या, नाहीतर पुढे पुन्हा खर्च पडेल.

उत्तर २: शिफ्टर थेट गिअरबॉक्सच्या वर येत असेल तर रॉडचा घ्यावा, कारण त्यात झिजणारे भाग कमी असतात, मात्र सीट मागे असेल तर केबलच सोयीची पडते. माझ्या गाडीत केबल एक्झॉस्टच्या पाइपला टेकली, तिचे आवरण वितळून आत चिकटले आणि लिव्हर रिव्हर्सच्या खाचेत अडकून बसला. तेव्हापासून मी केबल पाइपपासून दूर, मोठ्या वळणानेच नेतो.

उत्तर ३: न्यूट्रल सेफ्टी स्विच (गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असतानाच स्टार्टर फिरू देणारा स्विच) नसलेला शिफ्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला, तर समोर उभ्या माणसाच्या जिवावर बेतेल.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. माझी सीट बरीच मागे आहे, म्हणून पट्टी बदलता येणारा, स्विचसह येणारा केबलचा शिफ्टरच घेतो.