घरातल्या कटकटीचं मूळ प्रयोग करून शोधलंय का? अनुभव लिहा

मासुंदा_ठाणे
काल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीवरून खडाजंगी झाली आणि मला बाबांची पेन्सिल आठवली.

नौपाड्यातलं जुनं घर. पावसाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीला ओल यायची, पोपडे सुटायचे. सगळ्यांचं मत एकच : बाहेरची भिंत झिरपतेय, परांची बांधून प्लास्टर करा. बाबा रोज जेवण झालं की ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायचे, शेजारी बारीक अक्षरात तारीख, आणि पेपरातला पावसाचा आकडा वहीत. नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी भिंत झाली होती. आई वैतागायची, पण पुसू द्यायचे नाहीत.

गणपतीत वरचे काका सहकुटुंब कोकणात गेले. त्या दिवसांत पाऊस धो धो, आणि रेघ जागची हलली नाही! ते परतले आणि ओल पुन्हा सरकायला लागली. म्हणजे पावसाचा संबंधच नव्हता.

मग काकांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप (लादीतलं सांडपाणी जायचं भोक) बोळा कोंबून बंद केला आणि लादीवर बोटभर पाणी साठवून रात्रभर ठेवलं. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं : पातळी उतरली तर लादी गळते, नाही उतरली तर ट्रॅपखालचा पाइप. सकाळी पाणी जसंच्या तसं. पाइपाचा जोड बदलला, भिंत सुकली, परांचीचा खर्च वाचला.

आधी अंदाज, मग तो खोटा पाडता येईल अशी परीक्षा, एका वेळी एकच बदल, आणि सगळं लिहून ठेवायचं. असं करून तुमचं काही सुटलं असेल तर वाचायला खूप आवडेल.

घणसोलीकर
इडलीचं पीठ!! थंडीत फुगेना. सासूबाई म्हणाल्या मीठ आधी घालतेस म्हणून, आई म्हणाली उडीद जुने, शेजारच्या अम्मा म्हणाल्या हाताने कालव. एकच पीठ वाटलं, चार सारख्या डब्यांत सारखं ओतलं. एकात मीठ, एकात काही नाही, एक हाताने कालवलेलं, एक बंद ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा लावून. डब्यांना बाहेरून रबरबँड, पीठ कुठवर होतं ते कळायला. सकाळी ओव्हनमधलं दुप्पट, बाकी तिन्ही रबरबँडपाशीच. कुकर लागलाय, नंतर येते.

पारसिकपलीकडे
@घणसोलीकर, ओव्हनवाल्यात मीठ होतं का? असेल तर दोन गोष्टी बदलल्या.

घणसोलीकर
नव्हतं. हुबेहूब दोन नंबरच्या डब्यासारखं, फरक फक्त जागेचा. उडीद चारहीत तेच, म्हणून जुन्या उडदाचा मुद्दाही निकालात. पीठ फुगवणारे जिवाणू तीस अंशांच्या आसपास खूश असतात, आमचा ओटा जानेवारीत पहाटे बराच गार असतो.

येऊर_पायथा
ओटा गार म्हणे! आमच्याकडे येऊरच्या बाजूने वारा येतो, खोबरेल तेल रोज गोठतं. इडलीच्या पिठाचं भांडं गव्हाच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवा. ओव्हन नसलेल्यांसाठी.

मिलीमीटर
मासुंदा, बाबांना मनापासून नमस्कार. एक भर घालतो. हवामान खात्याचा पावसाचा आकडा सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा चोवीस तासांचा असतो, आणि पेपरात ठळक येतात ते मुंबईतल्या कुलाबा-सांताक्रूझचे. ठाण्यात पाऊस वेगळाच पडतो. गच्चीत सरळ भिंतीचा डबा ठेवा, आत पट्टी घाला, झालं. १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. मी शाळेतल्या मुलांकडून हे करून घेतो, त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

अनामिका_खारघर
सासूबाईंना अंगावर पित्त उठायचं. दोष वांग्याला. मग वांगं बंद, मग शेंगदाणे बंद, मग टोमॅटो. बिचाऱ्या भात-वरणावर आल्या, तरी पित्त येतंच होतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं वही करा, जेवण, औषध, कधी उठलं, सगळं वेळेसकट. पित्त उठलेल्या दिवसांवर लाल टिकली लावली. आणि मुख्य म्हणजे न उठलेले दिवसही लिहायला लावले, ते आपण कधी बघतच नाही! वांगं दोन्हीकडे होतं. गुडघेदुखीची गोळी मात्र जवळजवळ फक्त लाल दिवसांत. डॉक्टरांनी गोळी बदलली, पित्त थांबलं. भरल्या वांग्याचा पहिला घास घेताना त्या रडल्या हो.

कोपरी_पूर्व
वाचून गलबलून आलं. पण कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, त्यांनी केलं तसं डॉक्टरांना वही दाखवा.

वाशीवासी
आमच्याकडे डेंग्यूचे पेशंट वाढले तेव्हा सगळे बाहेरच्या नाल्यावर खार खाऊन, धूर फवारणी सतत. आमच्या विंगमधल्या एका निवृत्त बाईंनी बिल्डिंगचा नकाशा काढला आणि आजारी घरांवर ठिपके दिले. सगळे ठिपके एकाच लिफ्टच्या बाजूला! टॉर्च घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात पाहिलं तर स्वच्छ पावसाचं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, वाहता नाला हा त्याचा नेहमीचा अड्डा नव्हे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एकदा साठलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं, म्हणजे कोरडा दिवस पाळायचा. खड्डा उपसला, दर आठवड्याला बघायचं ठरवलं, नवे पेशंट थांबले.

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू असेच नकाशावर मांडले होते. तेव्हा बहुतेकांना वाटायचं रोग दुर्गंधीतून येतो. त्यांनी सार्वजनिक पंपावर बोट ठेवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला.

पारसिकपलीकडे
एक शंका. पाऊस ओसरल्यामुळेही पेशंट कमी झाले असतील ना? स्नोंच्या वेळीही दांडा काढायच्या आधीच साथ उतरणीला लागली होती.

वाशीवासी
रास्त शंका. म्हणून पुढच्या पावसाळ्यातही ठिपके चालू ठेवले. त्या लिफ्टची बाजू इतरांसारखीच राहिली.

दगदग
सगळंच असं मोजत बसलं तर जगायचं कधी? आमची आजी हाताच्या अंदाजाने सगळं करायची.

सातारा_ते_ठाणे
दगदग, आजीचा हात वर्षानुवर्षं रोज चुलीवर तपासून घेतलेला असतो. माझा अनुभव गावचा. बोअर मारायच्या आधी पाणाड्या बोलावला, नारळ तळहातावर घेऊन शेतात फिरला, नारळ उभा राहिला तिथे खुणा केल्या. चुलतभाऊ म्हणाला, काका, आता डोळे बांधून पुन्हा फिरा, नारळ तिथेच उठायला हवा. खुणा भलतीकडे पडल्या. कोणीही अपमान केला नाही, चहा-पाणी दिलं, पण बोअरची जागा भूजलाच्या जाणकाराला विचारून ठरवली. आमच्याकडे पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसालाही विचारायची पद्धत आहे, त्याचीही अशीच परीक्षा घेता येईल.

नेरुळ_सेक्टर
ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मुख्य स्विच) रोज सकाळी पडायचा. वायरमन म्हणाला पूर्ण वायरिंग बदला. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे स्विच, खाली केले, एकेक वर घेतला. गीझरचा वर केला की पडतो. गीझरचं एलिमेंट गेलेलं. उघडायचं काम मात्र वायरमनकडूनच करा.

येऊर_पायथा
कोणता गीझर घेतलात नवीन? आमचाही खूप आवाज करतो.

नेरुळ_सेक्टर
पंधरा लिटरचा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चहाबाज
आमचे हे म्हणतात की दूध आधी की चहा आधी ओतला ते चवीवरून कळतं. कसं तपासू? मी समोर असले की माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात.

मिलीमीटर
हा तर संख्याशास्त्रातला प्रसिद्ध किस्सा! संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यासमोर एका बाईंनी हाच दावा केला होता. आठ कप करा, चार असे चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. ओतणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही, कप तिसऱ्याने न्यायचे. नुसत्या नशिबाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १.

चहाबाज
७० कुठून आले?

मिलीमीटर
आठातून चार कप निवडायचे प्रकार : (८×७×६×५) भागिले (४×३×२×१). एका गटातला एकच कप चुकवून निवडायचे प्रकार १६, म्हणून चारपैकी तीन ओळखले तर फार भारावू नका. तीन किंवा जास्त नशिबाने येणं ७० मध्ये १७, जवळजवळ चारात एक.

चहाबाज
घरात एकसारखे सहाच कप आहेत.

मिलीमीटर
मग तीन-तीन. २० मध्ये १. आणि सगळ्यांची साखर एकदाच पातेल्यात घाला.