मदत हवी आहे : शेजारी म्हणतात, तुमच्या उंबराने आमचं घर खचवलं

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं बैठं घर आहे. कंपाउंडलगत वडिलांनी लावलेला उंबर आहे. शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघराचा कोपरा खचून भिंतीला तिरकी भेग गेलीय. ते म्हणतात, मुळं तुमची, खर्चही तुम्हीच द्या.

पण इथली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. शिवाय त्यांच्या मोरीचा पाइप नेमका तिथेच गळतो! झाड तोडायचं तर राज्याच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. (आई तर दत्ताच्या झाडाला हात लावू देणार नाही.)

मुळांमुळेच खचलं हे सिद्ध कुणी करायचं, त्यांनी की आम्ही? स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायाशी खड्डा घेऊन तपासून घेऊ का? आणि आपणहून फांद्या-मुळं छाटली तर चूक कबूल केल्यासारखं होईल का?