सीमाभागातले शोधनिबंध: मराठी खुली नियतकालिकं मोजायची की फक्त स्कोपस?

प्राध्यापकांच्या निवडीत कोणत्या नियतकालिकांतले लेख मोजावेत, यावर टिळकवाडीचे सर, चिकोडीच्या मॅडम आणि ग्रंथालय यांचा हा वाद.

टिळकवाडी
विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली. नियतकालिक दर्जेदार आहे की नाही, हे आता ज्या त्या विद्यापीठाने ठरवायचं. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाने ही संधी सोडू नये. लेखकाकडून पैसे न घेणारी आणि वाचकालाही मोफत मिळणारी मराठी-कन्नड नियतकालिकं पूर्ण गुणांनी मोजावीत. निपाणीच्या तंबाखू कामगारांवरचा किंवा खानापूरच्या बोलीवरचा निबंध वाचणार इथलाच माणूस. तो इंग्रजीत, दोन-अडीच हजार डॉलर भरून का छापायचा? मोठे प्रकाशक शुल्कमाफी देतात ती बहुधा छोट्या, गरीब अर्थव्यवस्थांना. भारत त्यात बसत नाही. अतिथी प्राध्यापकाने एवढी रक्कम आणायची कुठून?

चिकोडी
सर, हे पटत नाही. यादी होती तेव्हाच काय झालं बघा. छापील नियतकालिकाची वेबसाइट नसे. मग कुणीतरी त्याच नावाची, त्याच आयएसएसएनची खोटी साइट उघडून पैसे घेऊन लेख छापे. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे, हेही निवड समितीत अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय विद्यापीठांचं राष्ट्रीय मानांकन करणारं एनआयआरएफ प्रकाशनं मोजतं ती स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय लेखसूचींवरून. तिथे मराठी लेखाला जवळजवळ जागाच नाही. विद्यापीठाचं मानांकन घसरलं तर फटका विद्यार्थ्यांनाच.

ग्रंथालय
नियतकालिकाच्या नावावरून वाद चाललाय, पण लेख सापडतो का ते आधी तपासा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधली एक ओळ नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. शोधनिबंध शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरलाही तेच दिसतं, मग लेखाचा संदर्भ कोण देणार? मजकूर युनिकोडमध्येच हवा. अख्ख्या अंकाची एक फाइल नको, प्रत्येक लेखाची वेगळी हवी, ५ एमबीच्या आत. नियतकालिक चालवायची ओपन जर्नल सिस्टम्स ही प्रणाली फुकट मिळते, पण सर्व्हर, बॅकअप, डोमेन यांचा खर्च दरवर्षी येतो. संपादक निवृत्त झाले, डोमेनचे पैसे भरायचे राहिले की सगळे अंक गायब. म्हणून प्रत्येक लेखाची प्रत झेनोडो या खुल्या ऑनलाइन संग्रहावर ठेवा. तिथे डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांकही मोफत मिळतो.

टिळकवाडी
युनिकोडची अट मान्य, ती नियमातच घालावी. मॅडम, बनावटगिरीचं मूळ मोजणीत आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा विषयांच्या एका लेखाला १० गुण, आणि थेट भरतीत सहयोगी प्राध्यापक व्हायला ७५ लागतात. मग एकाच निबंधाचे चार तुकडे होणारच. त्यापेक्षा उमेदवाराने आपले तीनच लेख द्यावेत आणि ते बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी वाचावेत, एक कोल्हापूरचा, एक धारवाडचा. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्यावरून, माणसाची किंमत करू नका, हे संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या डोरा जाहीरनाम्याने २०१२ मध्येच सांगितलंय. ब्राझीलने १९९८ पासून सायएलओ (SciELO) हा खुल्या नियतकालिकांचा ऑनलाइन मंच उभारून पोर्तुगीज-स्पॅनिश लेख जगासाठी खुले केले. आपल्याला का जमू नये?

चिकोडी
जमेल, पण वाचणार कोण? मराठीचे तज्ज्ञ मोजके, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. नाव झाकलं तरी विषयावरून लेखक कळतो. विज्ञान-अभियांत्रिकीत स्कोपसची अट काढायला माझा विरोधच राहील. मराठी, कन्नड, इतिहास यांना वेगळा नियम करा, त्याला माझी हरकत नाही. मात्र परीक्षकांचे अहवाल त्यांच्या नावासह लेखाखाली जाहीर व्हायला हवेत, आणि परीक्षकाला मानधन व मुदत दोन्ही लेखी द्यावीत.