मदत हवी आहे: सातेरी माश्यांवर कीटकनाशकाची चाचणी

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सातेरी मधमाश्यांवर कीटकनाशकाची स्पर्शातून होणारी विषबाधा तपासतेय. पद्धत ओईसीडी २१४ (मधमाश्यांवरच्या अशा चाचणीची आंतरराष्ट्रीय नियमावली): पाठीवर कीटकनाशकाच्या ॲसिटोनमधल्या द्रावणाचा १ मायक्रोलिटर थेंब, ५० टक्के साखरपाणी, अंधार, २५ अंश, ४८ तास नोंदी.

अडचण अशी, की तुलनेसाठी कीटकनाशकाविना नुसतं ॲसिटोन लावलेल्या माश्याही १० टक्क्यांहून जास्त मरतात, म्हणजे नियमानुसार चाचणीच बाद. पिंजऱ्याच्या तळाशी सोंड बाहेर काढून पडलेल्या दिसतात, फार वाईट वाटतं.

ही पद्धत मुळात आकाराने मोठ्या मेलिफेरासाठी (युरोपीय मधमाशीसाठी) बेतलेली. सातेरीला थेंब निम्मा करावा का? की थेंब लावण्याआधी माश्यांना भूल द्यायचा कार्बन डायऑक्साइडच जास्त होतोय? प्रत्यक्ष सातेरीवर काम केलेल्यांनी कृपया सांगा. डाळिंबाच्या बहरात फवारणाऱ्या शेतकऱ्यांना भरवशाचा आकडा द्यायचाय.