कुर्दी आणि ओडिया : भाषा एकसंध राहते ती कोणामुळे?

माळरान (धागाकर्ता)

कुर्दी आणि ओडिया यांची तुलना निघाली की दोन्ही इंडो-युरोपीय, एक इराणी शाखेतली आणि दुसरी मागधी वळणाची, एवढ्यावर बोलणं संपतं. मला त्यापलीकडचं मांडायचं आहे. शाळा, कचेरी आणि कोर्ट मिळाल्याशिवाय कुठलीही भाषा लिखाणात एकसंध राहत नाही, मग बोलणारे कितीही असोत.

२०११ च्या जनगणनेत ओडिया भाषक पावणेचार कोटींच्या घरात होते. १ एप्रिल १९३६ ला ओडिशा प्रांत झाला. भाषेच्या पायावर उभा राहिलेला ब्रिटिश हिंदुस्थानातला तो पहिला प्रांत. १९५४ मध्ये राजभाषा कायदा आला, २०१४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. आज उत्तर टोकाच्या बालासोरचं मूल आणि दक्षिणेकडच्या गंजामचं मूल एकाच लिपीत, त्याच पाठ्यपुस्तकातून शिकतं.

कुर्दी बोलणारेही काही कोटी आहेत. इराणातले कुर्द आधीच वेगळ्या राज्यात होते. उस्मानी साम्राज्य मोडल्यावर उरलेले तुर्कस्तान, इराक आणि सीरियात वाटले गेले. परिणामी कुर्मांजी बोली तुर्कस्तानात रोमन लिपीत, सोरानी इराक-इराणात अरबी वळणाच्या लिपीत, आणि सोव्हिएत आर्मेनियात तर कुर्दी रशियन वळणाच्या सिरिलिक लिपीतही छापली गेली.

कुर्मांजी बोलणारे सोरानीपेक्षा बरेच जास्त आहेत. तरी शाळेत आणि सरकारी कागदावर सोरानीच पुढे गेली. इराकमध्ये १९३१ च्या कायद्याने काही कुर्दी भागांत तिला शाळा-कचेरीत जागा दिली, आणि २००५ च्या घटनेने कुर्दीला अरबीच्या जोडीने राजभाषा केलं. तुर्कस्तानात उलट कुर्दीत लिहिणं-छापणं बंद करणारा १९८३ चा २९३२ क्रमांकाचा कायदा आला, तो १९९१ पर्यंत राहिला. तुर्की वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स नाहीत, म्हणून ही अक्षरं असलेलं कुर्दी नाव मुलाच्या जन्मनोंदीत लिहिता येत नसे. आईबापांनी पोराला ठेवलेलं नाव सरकार खोडतं, यापेक्षा भाषेची मुस्कटदाबी आणखी काय असते?

चौकस

तळमळ पोचली, पण मुद्दा साफ अमान्य. तुम्ही कार्यालाच कारण मानताय.

ओडिशाचा प्रांत १९३६ चा. त्याच्या ६६ वर्षं आधी, १८७० मध्ये, बालासोरच्या शाळेतले शिक्षक कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी पुस्तिका काढून सांगितलं की ओडिया ही स्वतंत्र भाषाच नव्हे. तेव्हा ओडिशातल्या शाळांत बंगाली पुस्तकं होती आणि बऱ्याच कचेऱ्यांत बंगाली कारकून. ओडियाच्या पाठीशी कुठलं राज्य होतं? ओडिया लेखक फकीरमोहन सेनापती होते, त्यांनी १८६८ मध्येच बालासोरला छापखाना सुरू केला होता. त्यांच्यासारख्यांनी ओडियात शाळेची पुस्तकं लिहिली. पुढे १९०३ मध्ये मधुसूदन दासांनी ओडिया भाषकांचे भाग एकत्र आणण्यासाठी उत्कल संमेलनी ही संस्था उभी केली. हे सगळं झालं म्हणून प्रांत मिळाला.

कुर्दीचंही तेच. पहिलं कुर्दी वर्तमानपत्र १८९८ मध्ये कैरोत निघालं. आज कुर्मांजी ज्या रोमन लिपीत लिहितात ती १९३२ मध्ये दमास्कसहून, जलादत अली बदिरखान यांच्या 'हावार' मासिकातून रूढ झाली. एका निर्वासिताने घडवलेली लिपी सीमेपलीकडे तुर्कस्तानातल्या कुर्दांनीही उचलली. कुठल्या कोर्टाने ती दिली होती?

माळरान

चौकस, बालासोरची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. त्याच वेळी तिथला कलेक्टर जॉन बीम्स होता, भारतीय भाषांचा मोठा अभ्यासक. त्याने ओडिया वेगळी भाषा आहे असं ठामपणे मांडलं आणि शाळांमध्ये ओडियाला जागा मिळाली. फकीरमोहनांना ऐकून घेणारं सरकार मिळालं. उलट १९९१ मध्ये कुर्द खासदार लैला झाना यांनी तुर्की संसदेत शपथ घेतली आणि शेवटी एकच वाक्य कुर्दीत म्हटलं, तर सभागृहात गदारोळ झाला. त्या भाषेच्या छापखान्यांनी तिथे काय करायचं होतं?

व्याकरणवेडी

माळरान, व्याकरण इतक्या घाईने बाजूला सारू नका, कारण तुमचा दावा तिथेच अडतो.

आपण 'मी आंबा खाल्ला' पण 'मी आंबे खाल्ले' म्हणतो. क्रियापद आंब्याकडे बघून बदलतं. कुर्मांजीत हुबेहूब हेच आहे. एक सफरचंद खाल्लं तर 'मिन सेव ख्वार', जास्त खाल्ली तर 'मिन सेव ख्वारिन'. ओडियात मात्र 'मुँ आम्ब खाइलि', आंबा एक असो की दहा. 'आम्ही' म्हटलं तरच 'खाइलु' होतं. भूतकाळाच्या या रचनेत मराठीला भारतातल्या ओडियापेक्षा कुर्मांजी जवळची आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता सोरानी. कुर्मांजीत पुल्लिंग-स्त्रीलिंग शाबूत आहे, सोरानीत ते गेलंय. कुर्मांजीत 'मी'चं रूप विभक्तीने बदलतं, सोरानीत कर्त्याची खूण तुकड्यासारखी कर्माला चिकटते. हा फरक सीमा आखण्याच्या कितीतरी आधीचा आहे. १९२० मध्ये कुर्दांना एकच राज्य मिळालं असतं तरी कोणाची बोली पुस्तकात घालायची हा प्रश्न उरलाच असता.

पूर्वविदर्भ

तो प्रश्न ओडिशातही उरलाय. संबळपूर पूर्वी मध्य प्रांतात होतं आणि कारभार नागपूरहून चाले. १८९५ मध्ये नागपूरच्या सरकारने तिथल्या कोर्टांतून ओडिया काढून हिंदी आणायचं ठरवलं. लोकांनी चिकाटीने विरोध केला, आदेश मागे घ्यावा लागला, आणि १९०५ मध्ये संबळपूर ओडिशाला जोडलं गेलं. ज्या भागाने ओडियासाठी असा लढा दिला, तिथेच आज संबळपुरी-कोसली ही वेगळी भाषा मानून आठव्या अनुसूचीत घ्या अशी मागणी आहे. शाळेच्या पुस्तकात कटक-पुरीकडची भाषा आली आणि यांची बोली घरात राहिली. माळरान, तुमच्या 'एकसंध'ची किंमत कोणीतरी मोजतंच.

चौकस

पूर्वविदर्भ, शंभर टक्के सहमत. तुर्कस्तानातली झाझाकी ही कुर्दीच्या नात्यातली भाषा बोलणाऱ्यांचंही तसंच आहे, त्यातले काही स्वतःला कुर्द म्हणवतात पण भाषा वेगळी मानतात. २०१२ पासून तुर्कस्तानात पाचवीपासून कुर्मांजी आणि झाझाकी असे दोन स्वतंत्र ऐच्छिक विषय आहेत. हे लोकांच्या रेट्याने झालं, राज्याच्या मायेने नाही.

माळरान

बोलीची किंमत मोजावी लागते हे मान्य, आणि संबळपुरीला तिच्या भागात शाळा मिळाली तर मला आनंदच होईल. माझ्या म्हणण्याला त्याने बळच येतं, कारण तेही लोक शेवटी शाळाच मागताहेत.

चौकस, तो ऐच्छिक विषय आठवड्याला दोन तासांचा आहे, आणि वर्गात दहा मुलांनी मागितला तरच. कटकची मुलगी गणित, विज्ञान, इतिहास सगळं ओडियातून शिकू शकते. तुर्कस्तानातल्या सरकारी शाळेत कुर्द मुलीला गणित तुर्कीतूनच शिकावं लागतं. रेटा दोन्हीकडे होता. मग हा फरक कशाने पडला ते सांगा.