लॅपटॉप ते ॲम्प्लिफायर: घरघर आणि सॅम्पल रेट

प्रश्न: लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ॲम्प्लिफायरला वायर जोडली आहे. चार्जर लावला की घरघर सुरू. शिवाय ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइली ४८ वर वाजतात. काय बदलावं?

तारवाला: घरघर बहुतेक ग्राउंड लूपची, म्हणजे दोन उपकरणांचे ग्राउंड दोन वाटांनी जोडले जाऊन त्यातून वीज फिरण्याची. खात्री करायला चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. थांबली तर तेच. नुसता यूएसबी डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं उपकरण) लावून ती जाईलच असं नाही, कारण यूएसबीच्या तारेतूनही ग्राउंड जोडलेलाच राहतो. ऑप्टिकल आउटपुट असेल तर उत्तम: काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज नाही. २४ बिट/९६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त वापरा. १९२ ला काही उपकरणांच्या जोड्या अडखळतात. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

बिटमोजणी: सॅम्पल रेट विंडोजचा मिक्सर (सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा भाग) बदलतो. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (WASAPI, मिक्सर टाळून आवाज थेट पाठवायची विंडोजची सोय) निवडा, मग फाइल मूळ रेटने डॅकपर्यंत जाते. प्लेअरचा आवाज १००%, कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर.

तारवाला: आणि डॅक ॲम्प्लिफायरच्या फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) इनपुटला नको! तिथे रेकॉर्डसाठीचं इक्वलायझेशन (बेस वाढवणं, ट्रेबल कमी करणं) असतं. २ व्होल्टचा सिग्नल फाटतो, बेस फुगतो. ऑक्स किंवा सीडी इनपुटला लावा.