हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल
कुणीतरी म्हटलंय की ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ हे दोन्ही इंग्रजी शब्द एकच, कुठलाही वापरा. मला पटत नाही. मूळ एकच, हे खरं: ग्रीक ‘हिस्टोरिया’, म्हणजे चौकशी, शोध, तिथून लॅटिनमार्गे इंग्रजीत. पूर्वी सरमिसळ चालायची, आता वाटा वेगळ्या झाल्यात.

आपल्या नाशिकचंच घ्या. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचं वर्णन करणारा. तो हिस्टॉरिकल पुरावा. पण २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह हिस्टॉरिकच म्हणायला हवा! नुसता इतिहासात नोंदलेला नाही, इतिहासाला वळण देणारा. मराठीत दोन्हीकडे ‘ऐतिहासिक’ चालतं, गल्लत तिथेच होते. कादंबरी मात्र कायम हिस्टॉरिकल.